कोणाचा हात आधी

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता पंचवीसच्या वर वर्षं झाली, तेव्हा या लिहिण्यात शहाणपण किती ते मला कळतं. तरी लिहायला बसले आहे. दुपारचे तीन वाजलेत, परभणीच्या घराच्या पडवीत ऊन पायांपर्यंत आलंय, आणि चहा मी दोनदा गरम करून दोनदा विसरले आहे. सत्तरी ओलांडली तरी लोक मला भाषणाला बोलावतात. काल नव्या शिक्षकांच्या शिबिरात बोलले, उद्या पुन्हा तिथंच बोलायचंय, मधला आजचा दिवस सुट्टीचा. विषय तोच, संस्कृती आणि विविधता. या विषयावर मी आयुष्यभर बोलले आणि दरवेळी शेवटी तुझीच गोष्ट सांगितली; त्याची परवानगी तू हयात असतानाच घेऊन ठेवली होती. काल गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या आई हे सगळं करत होत्या, तेव्हा तुम्ही कुठं होतात?" मी म्हटलं, "मी लहान होते." हे वाक्य तुझं आहे, माय. तू ते माझ्यासाठी वापरलं होतंस, काल मी ते स्वतःसाठी वापरलं. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली बसली. तिनं लिहून घेतलं हेच मला कालपासून बोचतंय, कारण ते खरं नाही.

खरं काय ते सांगायचं तर तुझ्या टोपलीपासून सुरुवात करावी लागेल. सोनपेठच्या आठवडी बाजारात आपली पथारी, आणि बाकीचे दिवस डोईवर बांगड्यांची टोपली घेऊन तू आसपासच्या गावांना फेरीवर. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. त्यानंतर कासाराचा तो धंदा तू एकटीनं ओढलास, आणि शाळेला सुट्टी असली की मी तुझ्यामागं चालत असे. पुढं मी पुष्कळ विद्वान पाहिले, त्यांच्या पंक्तीला जेवले, पण माणसांची तुझ्याइतकी जाण असलेलं माणूस मला क्वचितच भेटलं. कोणत्या घरची सून कोणता रंग मागणार, कोणाच्या घरी निकाह आहे, लिंगायतांच्या गल्लीतल्या थोरल्या काकूला खड्यांचं काही का चालत नाही, कोणाच्या लेकीला सातवा लागला, हे सगळं तुझ्या डोक्यात. तू हात नुसता बघून माप सांगायचीस. मग तो हात स्वतःच्या मांडीवर घ्यायचीस, अंगठा आत दुमडायचीस, बोटांची हाडं हळूहळू एकमेकांवर आणायचीस आणि म्हणायचीस, "हात ढिला सोड गं माय, कुनी धरून न्हाई न्यायलं तुला." बाई हसायची, आणि त्या हसण्यातच बांगडी हाडावरून आत गेलेली असायची. एखादी पिचली तर "फुटली" म्हणायचं नाही, "वाढली" म्हणायचं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आणि सगळ्या भरून झाल्या की घर कितीही मोठं असो, बाई वाकून तुला नमस्कार करायची. पाटलीणबाईसुद्धा. ठिगळाच्या परकरातली मी बाजूला उभी राहून ते बघत असे आणि मनातल्या मनात चार बोटं उंच होत असे.

फेरीचं मुख्य गाव सोनपेठला लागूनच, आणि तिथला क्रम ठरलेला होता. आधी पाटलाचं घर, मग मोठी शेतीवाली घरं, मग लिंगायतांची गल्ली, मग मुसलमानांची, मग बाकी गाव, आणि सगळ्यात शेवटी गावाबाहेरची ती वस्ती, जिला गाव महारवाडा म्हणे आणि तिथली माणसं बौद्धवाडा म्हणत. तिथं जाताना तू मला अलीकडच्या पिंपळाच्या पारावर बसवून जायचीस. तिथं तुला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. पारावर बसून मला तुमचं हसणं ऐकू यायचं. गावातल्या घरांत तू बायकांना हसवायचीस, पण स्वतः खळखळून हसलेलं मी फक्त तिथूनच ऐकलं. माझं पुढचं सगळं नाव त्या हसण्यावर झालं, असं म्हणायला हरकत नाही.

तू मला शिकवलंस, हट्टानं शिकवलंस. अठ्ठ्याहत्तर साली मी विद्यापीठात एम.ए.ला होते. विद्यापीठाला कोणाचं नाव द्यायचं यावरून गावंच्या गावं फाटली, घरं पेटवली गेली. वर्ग बंद पडले, मी सोनपेठला परत आले आणि पाच-सहा मुलामुलींच्या गटाबरोबर जळालेल्या घरांच्या याद्या करत हिंडू लागले. तू म्हणालीस, "तुला कामून पडलंय गं? आपुन कोन? काकनं भरनारी मानसं." पण रोज सकाळी भाकऱ्या बांधून द्यायचीस, आणि त्या नेहमी एकापेक्षा जास्त माणसांच्या असायच्या. नामांतराच्या बाजूनं मी सभांत बोलले, मोर्च्यात चालले, दोन दिवस कोठडीतही बसून आले. त्या दोन दिवसांचा मला फार अभिमान होता आणि तुला फार राग. पुढं गंगाखेडला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तू पेढे वाटलेस आणि मला बजावलंस, "आता जरा गुमान ऱ्हा." मी गुमान राहिले नाही. पंचविशी-सव्विशीचं वय, सगळं जग आपल्या शब्दांची वाट बघत बसलंय असं वाटण्याचे ते दिवस.

त्या दिवसांतलं ते गंगाखेडचं भाषण. हॉल भरलेला, शिक्षक, विद्यार्थी, साखर कारखान्यातले काही लोक, आणि पहिल्यांदाच तू. मी मुद्दाम तुला एस.टी.नं बोलावून घेतलं होतं. तू पदर डोक्यावर ओढून भिंतीकडच्या खुर्चीत बसलीस, अर्ध्याच खुर्चीवर. मी बोलायला उभी राहते, आवाज चांगला लागलाय, लोक ऐकताहेत, आणि मी शेवटाला तुझी गोष्ट काढते. सांगते की ज्या गावात एकाच्या सावलीचा दुसऱ्याला विटाळ, त्याच गावात माझी आई प्रत्येक बाईचा हात हातात घेते. तिच्या मांडीवर पाटलीणबाईचा हात आणि बौद्धवाड्यातल्या बाईचा हात सारखाच. आणि सर्वांत जास्त वेळ ती बसते ती त्या शेवटच्या वस्तीत, कारण तिचं मन तिथं रमतं. टाळ्या पडल्या. कोणीतरी तुझ्याकडं बोट दाखवलं, मग तुझ्यासाठी पडल्या. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, लाजलीस.

सोनपेठपर्यंतच्या गाडीत तू खिडकीबाहेरच बघत होतीस. घरी आलो, तू चूल पेटवलीस, परात पुढ्यात घेतलीस. मी भिंतीला टेकून कौतुकाची वाट बघत बसले होते, हे आता कबूल करायला काही वाटत नाही.

"खोटं बोललीस आज," तू पिठातून डोकं वर न काढता म्हणालीस.

"काय खोटं बोलले?"

"त्यांच्याकडं शेवटी कामून जायची मी, मालूम हाय का तुला?"

"तिथं तू निवांत बसायचीस म्हणून."

"निवांत!" तू भाकरी तव्यावर टाकलीस. "त्यांच्या हाताला हात लावल्यावर पुन्हा पाटलाच्या घरी पाय ठिवता येत नव्हता म्हनून. त्या वस्तीतल्या बायाबी जानत व्हत्या ते. आन् घरी आल्यावर हातपाय धुतल्याबिगर म्या उंबरा वलांडला न्हाई एक दिस."

मी कसंबसं म्हटलं, "पण तू त्यांचे हात धरत होतीस, हे तर खरं ना?"

"धरीत व्हते. मग धूत व्हते. धरलेलं सांगतीस आन् धुतलेलं गाळतीस?" मग माझ्याकडं पाठ करून तू चुलीतलं लाकूड सारखं केलंस आणि आवाज उतरवून म्हणालीस, "तुला काय ठाव म्हना. तू ल्हान होतीस."

मी पुस्तकातले मोठमोठे शब्द वापरून वाद घातला. माणूस त्याच्या काळाच्या बाहेर नसतो, मी तुला दोष देत नव्हते, मला एक चांगलं उदाहरण दाखवायचं होतं, वगैरे. तू सगळं ऐकून घेतलंस. "मला देव्हाऱ्यात बसवू नको," एवढंच म्हणालीस, "गुडघे दुखत्यात माझे. नीट सांगायचं तर सांग, न्हाईतर माझं नाव काढू नको." आणि पहिली भाकरी माझ्या ताटात वाढलीस. ती मी रागारागानं खाल्ली. चांगली झाली होती, याचाही राग आला.

पुढं चार-पाच महिने मी सोनपेठला फारशी आले नाही, भाषणांतून तुला वगळलं, आणि भाषणं कोरडी होऊ लागली हे माझं मलाच कळत होतं. दिवाळीत आले तेव्हा तू करंज्या भरता भरता अगदी सहज सांगितलंस की तू फेरी उलटी केलीस. मला आधी समजलंच नाही. सकाळी टोपली घेऊन तू थेट बौद्धवाड्यात गेली होतीस. पहिल्याच घरातली म्हातारी दारात येऊन म्हणाली, "कासारीनबाई, वाट चुकल्या जनू?" तू म्हणालीस, "न्हाई, आजपासून सुरुवात हिकडून." त्या म्हातारीनं आत जाऊन सुनेला ओरडून सांगितलं, "अगं हात धू, आज आपुन पैले हावोत!" हे सांगताना तू इतकी हसलीस की करंजीतलं सारण सांडलं. मग त्याच पावली तू पाटलाच्या घरी गेलीस. पाटलीणबाईंनी उशीर झालेला बघून विचारलं, कुठून आलीस? तू सांगितलंस. त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. तू टोपली उचललीस आणि पुढच्या घरी गेलीस. पुढच्या चार घरांनीही दार लावून घेतलं.

"मग आता?" मी घाबरून विचारलं. तुझं सगळं त्या घरांवर चालायचं.

"आता काय? बघू."

बघायला बरेच दिवस लागले. त्या घरांतल्या बायका बाजारात आपल्या पथारीसमोरून तोंड फिरवून जात, आणि तू पाहिलं न पाहिल्यासारखं करायचीस. मग पाटलांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. दुसऱ्या गावाहून आणलेल्या कासारानं तिच्या हाताची सालटी काढली, नवऱ्या मुलीचा चुडा भरताना सात बांगड्या वाढल्या, आणि मुलगी रडून म्हणाली की आपल्या सोनपेठच्या बाईला बोलवा. गडी निरोप घेऊन आला. तू म्हणालीस, "येते. पन तिकडून येते, सांग बाईसायबाला." आणि तशीच गेलीस. पाटलीणबाईंनी पोरीचा हात स्वतः तुझ्या मांडीवर ठेवला. काय वाटलं तुला तेव्हा, मी विचारलं. तू म्हणालीस, "काय वाटनार? हात लय गार व्हता पोरीचा. भ्यालती." हे ऐकून मी तुला विचारलं, आता सांगू का तुझी गोष्ट? "सांग," तू म्हणालीस, "पन आधीचंबी सांग."

मी तशी सांगू लागले. दोन्ही, धरलेलं आणि धुतलेलं. आणि माय, तिथून माझं खरं काम सुरू झालं. आधी लोक टाळ्या वाजवून घरी जायचे. आता भाषण संपल्यावर कोणीतरी कोपऱ्यात थांबायचं. एक मुख्याध्यापक, एक डॉक्टरीणबाई, कितीतरी सासवा. आमच्या घरात असं असं होतं, आमच्या आईनं असं केलं, मी असं केलं. त्या बोलण्यांतून माझा अभ्यास उभा राहिला, त्यातून प्रबंध, त्यातून पुढची बोलावणी. देवगाव फाट्यावर गाडीची वाट बघत मी किती तास बसले त्याचा हिशोब नाही; तिथल्या हॉटेलवाल्याला माझे सगळे मुद्दे पाठ झाले होते आणि चहात साखर किती ते त्याला विचारावं लागत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ. शाली तू गावात वाटून टाकायचीस. नारळांबद्दल म्हणायचीस, "तुझ्या भाषनावर माझी चटनी भागायलीय." मी सुखी होते. आहे. लोक कार्यकर्त्याच्या आयुष्यात काय काय गमावलं ते विचारतात, मला सांगण्यासारखं फारसं सापडत नाही.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत. सोळा वर्षांचा तो वाद त्या दिवशी मिटला, विद्यापीठाला नवं नाव मिळालं. सगळीकडं गोडीगुलाबी होती असं नाही, पण तिसऱ्या दिवशी तुझा निरोप आला तो भलताच होता. बौद्धवाड्यातल्या बायांना निळ्या बांगड्या पायजेत, सगळ्यांना, आन् माझ्याजवळ संक्रांतीची हिरवीच शिल्लक हाय, परभनीतून घिऊन ये. मी तोवर परभणीला बदलून आले होते. मी बाजारभर हिंडून मिळतील तेवढ्या निळ्या बांगड्या घेतल्या आणि पुस्तकांच्या पिशवीत कागदात गुंडाळून मांडीवर धरून सोनपेठला आले. चळवळीत मी केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच असावं. दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर फेरीला निघाले, आणि या वेळी तू मला पिंपळाच्या पारावर बसवलं नाहीस.

काय दुपार होती ती! बायका दाटीवाटीनं बसलेल्या, कोणी तीळगूळ तोंडात कोंबतंय, कोणी माझ्या चष्म्याची थट्टा करतंय. गर्दी वाढली तेव्हा तू मला म्हणालीस, तूबी भर. मी एका तरुण बाईचा हात धरला, अंगठा दुमडला, तुझ्यासारखंच सगळं केलं, आणि तीन बांगड्या ओळीनं वाढवल्या. "बघा," तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "पीएचडी झाली, पन एक काकन न्हाई चढवता येत." ती हसण्याची लाट मी पहिल्यांदा आतून ऐकली. मग आपण तिथंच जेवलो, आणि ऊन उतरायला लागलं तेव्हा घरी निघालो.

आता ते सांगते. घराच्या दाराशी रांजण होता, अजून होता, त्यावर पितळी तांब्या पालथा. तू हातापायांवर पाणी घेणं केव्हाच सोडलं होतंस. तू टोपली सावरत सरळ उंबरा ओलांडून आत गेलीस. आणि मी थांबले. माझे पाय आपोआप रांजणापाशी थांबले, हात तांब्याकडं गेला. तू आतून वळून बघितलंस. मग म्हणालीस, "काय बघायलीस? चल आत." आणि नंतर त्याबद्दल कधी बोलली नाहीस, मरेपर्यंत.

मी लहान नव्हते, माय. नऊ वर्षांची होते, दहा वर्षांची होते, बारा वर्षांची होते. सुट्टीच्या दिवशी पारावरून उठून तुझ्यापुढं पळत घर गाठायची ती तांब्या भरून ठेवण्यासाठी. शाळेच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तुझी टोपली दिसली की रांजणापाशी उभी राहायची. तुझ्या हातांवर, कोपरांपर्यंत, मग पायांवर पाणी मीच घालायची, रोज. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. त्या संध्याकाळी चुलीपुढं पाठ करून तू "ल्हान होतीस" म्हणालीस तेव्हा आपल्या दोघींनाही तांब्या आठवत होता, आणि तू धुतलेलं सगळं एकटीच्या नावावर घेतलंस. मी ते घेऊ दिलं. दोन्ही सांग म्हणालीस, मी चाळीस वर्षं दोन्ही सांगितलं, आणि तिसरं गाळलं.

उद्या ती मुलगी पुन्हा मागच्या रांगेत बसेल. पाणी मी घालत होते, हे तिला सांगायचं मी ठरवलंय, आणि ठरवल्यापासून बरं वाटतंय. तिसरा चहा मी न विसरता प्याले. फक्त एक गोष्ट तिला सांगेन की नाही ते अजून नक्की नाही, म्हणून तुला सांगून ठेवते. तांब्या मी हात लांबवून धरायची. तुझ्या हातावरून उडालेलं पाणी माझ्या परकराला लागू नये म्हणून.